नववी 'ब' गप्प का?

वर्ग गप्प बसला की बहुतेक शिक्षकांना हायसं वाटतं. घारबाईंच्या मनात मात्र लगेच पाल चुकचुकायची.

घार हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. गणिताच्या या बाई परीक्षेला पर्यवेक्षक असल्या की खुर्चीत बसत नसत. मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहत. अंग जराही हलायचं नाही, फक्त मान फिरायची. आणि मग एकदम झेप. कुणाच्या मोज्यातून, कुणाच्या वेणीतून, कुणाच्या पाण्याच्या बाटलीच्या कागदाआडून चिठ्ठी बाहेर यायची. एका मुलाच्या हाताचं प्लास्टर त्यांनी उतरवायला लावलं होतं. हात धडधाकट होता आणि आतून कोपरापर्यंत सूत्रं लिहिलेली होती. "विश्वास देवावर ठेवावा," त्या म्हणायच्या, "आणि तोही पेपर तपासून."

घरातही हीच तऱ्हा. बाईंचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. एकदा परीक्षेत एका मुलीच्या स्कर्टच्या घडीत चोरखिसा सापडला. बाईंनी तो उलटा करून टाके पाहिले आणि त्यांचं डोकं भणभणलं. इतके बारीक, सरळ टाके गावात एकच माणूस घालत होता. संध्याकाळी त्यांनी घरी येऊन खिसा समोर धरला. शिंपी चष्म्यावरून बघत म्हणाले, "छान बसलाय की! गिऱ्हाइकानं सांगितलं, शिवला. कशाला हवाय असं मी कशाला विचारू?" त्यावर बाईंनी आठवडाभर अबोला धरला होता. पुढं मात्र शाळेच्या गणवेशाचं काम आलं की शिंपी स्वतःहून सांगायचे, "खिसे दोनच लावलेत हं, मोजून घे."

तर अशा बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नववी 'ब' एकाएकी शहाणी झाली.

नववी 'ब' म्हणजे शाळेचं अवघड जागेचं दुखणं. आठवीत असताना याच मुलांनी चित्रकलेच्या शिक्षकांना अर्ध्या तासात रडवलं होतं. आणि आता? बाई वर्गात शिरल्या की सगळे ताठ बसलेले. शंका विचारायची तर एकानं उभं राहायचं, बाईंच्या तोंडाकडे बघायचं आणि खणखणीत आवाजात विचारायचं. त्याचं संपलं की दुसऱ्यानं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. फळ्याकडे तोंड केलं तरी मागं कुणी चकार शब्द बोलत नाही, असं बाईंना जाणवायचं. त्या मध्येच गर्रकन वळून बघायच्या. सगळी तोंडं मिटलेली. एकदोन ओठ नुकतेच मिटल्यासारखे दिसायचे, पण त्याला काय पुरावा?

त्यात भोंगा. भोंगा ही त्या वर्गातली एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची मुलगी. तिचा आवाज मैदानाच्या पलीकडे जायचा म्हणून ते नाव. बालवाडीपासून ही कायम मागच्या बाकावर. ती सुट्टीनंतर आपण होऊन पुढं आली.

"बाई, मी पहिल्या बाकावर बसू?"

"का? डोळे बिघडले?"

"नाही बाई. अभ्यासाला."

भोंगा आणि अभ्यास! बाईंनी तिला बसू दिलं, पण मनात नोंद केली: कुठंतरी पाणी मुरतंय. भोंग्याशेजारी तिची मैत्रीण शिडीही येऊन बसली. उंच, किडकिडीत आणि गणिताच्या नावानं शंख. आणि पुढं भोंग्यानं नवाच उद्योग सुरू केला. मागून कुणी काही विचारलं की ही बाईंकडे बघून ते पुन्हा मोठ्यानं सांगायची. जणू बाईंची दुभाषीच. बाईंना वाटलं, कार्टी आपली नक्कल करते आहे.

तपासणीचे साहेब आले तेव्हा तर कहरच झाला. साहेब मागच्या बाकावर बसून तास बघत होते. त्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण भोंगा ताडकन उठली आणि ओरडली, "बाई, साहेब विचारतायत की हाच धडा दुसऱ्या पद्धतीनं कसा शिकवाल!" साहेब दचकले. बाईंनी उत्तर दिलं, साहेब खूश होऊन गेले. पण बाईंनी नंतर भोंग्याला दाराबाहेर उभं केलं. "तुला कुणी माझा वकील नेमलंय का?" भोंगा मान खाली घालून उभी राहिली. एरवी ती अशा वेळी दहा सबबी सांगायची. आज एकही नाही. हेही बाईंना खटकलंच.

शिक्षकांच्या खोलीत तरी कुठं ठीक होतं? लांब टेबलाभोवती सगळे चहा पीत बसायचे आणि बाई आत आल्या की आवाज खाली यायचे. आधी ज्या गप्पा व्हरांड्यापर्यंत ऐकू यायच्या त्या आता पुटपुटण्यावर आल्या होत्या. कुणी काही बोललं, सगळे हसले, की बाईंना वाटायचं, विषय आपलाच. विज्ञानाच्या नव्या शिक्षिका तर त्यांच्या डोळ्यांत सलायच्या. तरुण, हुशार, सतत हसतमुख. बाई निवृत्त झाल्या की नववीचं गणित यांच्याकडे जाणार होतं. खिडकीजवळचं बाईंचं कपाटही बहुधा यांनाच मिळणार होतं. एकदा त्या कपाटाकडे बघून मुख्याध्यापकांशी काहीतरी कुजबुजताना बाईंनी त्यांना पाहिलं.

"काय म्हणताय?" बाईंनी दारातूनच विचारलं.

विज्ञानबाई हसून काहीतरी म्हणाल्या. ते 'काही नाही' असावं.

"काही नाही म्हणजे काहीतरी आहेच," बाई घरी येऊन शिंप्यांना म्हणाल्या. "आताच यांना माझं ओझं झालंय. जायच्या आधीच घालवायला निघालेत."

शिंपी मशीनवर होते. मशीनचा खडखडाट चालू असताना बोलायची त्यांना जन्माची सवय, त्यामुळं ते नेहमीच ओरडून बोलत. "अगं, तुला घालवायची कुणाची छाती आहे!"

जगात एक हा माणूस तेवढा तोंडावर आणि स्पष्ट बोलतो, बाईंना वाटलं. लेक परगावी असायची. तिचा फोन आला तर तीही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते, म्हणून बाई दोन वाक्यांतच फोन शिंप्यांकडे द्यायच्या.

चाचण्या झाल्या आणि संशयाला पुरावा मिळाला. नववी 'ब'चे गणिताचे गुण शाळेत सगळ्यांत वर! शिडी, जिला अपूर्णांक म्हणजे फुटलेला आकडा वाटायचा, ती पहिल्या दहात. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून अभिनंदन केलं. "जाता जाता चमत्कार केलात! निरोप समारंभात हेच मुख्य सांगणार आहे मी." खुर्ची पुढं ओढून ते सावकाश बोलत होते, म्हणून बाईंना सगळं समजलं. आणि खरं सांगायचं तर बाईंना आतून गुदगुल्याही झाल्या. साऱ्या नोकरीत त्यांना 'कडक' म्हटलं गेलं होतं, 'खडूस' म्हटलं गेलं होतं. 'चमत्कार' हा शब्द त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता.

पण चमत्कारावर विश्वास ठेवणारी ती बाई नव्हे.

पुढच्या चाचणीला त्यांनी डोळ्यांत तेल घातलं. मुलांच्या जागा बदलल्या. एकाआड एक वेगळी प्रश्नपत्रिका दिली. वर्गात शिरण्यापूर्वी तळहात, मोजे, वेण्या, पट्ट्या, कंपासपेट्या, सगळं पाहिलं. बाकांखाली हात फिरवला. काही नाही. परीक्षाभर त्या बाकांमधून फिरत राहिल्या. मुलांच्या माना खाली, नजरा आपापल्या कागदावर. एकानंही शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं नाही. आणि तरी गुण पुन्हा तसेच! बाईंची झोप उडाली. चोरी होते आहे, घर समोर आहे, चोरही समोर आहेत, आणि चोरी मात्र दिसत नाही.

शेवटच्या चाचणीच्या आधी त्यांनी मन घट्ट केलं आणि विज्ञानबाईंना गाठलं. त्यांच्यावर विश्वास होता अशातला भाग नाही. पण दुसरं कुणी त्या वेळी मोकळं नव्हतं.

"तुम्ही व्हरांड्यात उभ्या राहा. खिडकीआड. मुलांना दिसता कामा नये. माझी पाठ असते तेव्हा ते काय करतात, एवढंच मला बघून सांगा."

चाचणी संपली. मुलं पेपर देऊन खेळायला पळाली. बाई पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून बाहेर आल्या, तर विज्ञानबाई भिंतीला टेकून उभ्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"काय पाहिलंत?"

विज्ञानबाई काहीतरी म्हणाल्या.

"जरा मोठ्यानं बोला की. इथं कुणी नाही."

विज्ञानबाई जवळ आल्या, अगदी समोर. "बाई, तुम्ही वर्गातच होतात ना?"

"मग कुठं असणार?"

"ती मुलं बोलत होती, बाई."

"बोलत होती? केव्हा?"

"पूर्ण वेळ. तुमची पाठ वळली की. चौथ्याचं उत्तर बारा आलं का, सातव्यात आधी काय काढायचं... बाजारात बोलतात तसं बोलत होती. तुम्ही त्यांच्या मधूनच चालत होतात. बाई, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अस्सं! म्हणजे हा डाव आहे तर. म्हातारी बहिरी झाली अशी आवई उठवायची, म्हणजे वर्गही तुमचा आणि कपाटही तुमचं!"

विज्ञानबाईंचे डोळे भरले. त्या तडक निघून गेल्या. त्यांच्या चपला त्या लांबलचक व्हरांड्याच्या फरशीवरून गेल्या, आणि बाई बघत राहिल्या. उंच टाचेच्या चपला होत्या. फरशी दगडी होती. आणि आवाज येत नव्हता.

घरी पोचेपर्यंत बाईंनी स्वतःची समजूत काढली. रबरी टाचा असतील. पण गणिताच्या शिक्षिकेला समजूत पुरत नाही, ताळा करून पाहावा लागतो. त्यांनी कपाटावरचं किल्लीचं घड्याळ काढलं. टिकटिक मोठी आहे म्हणून ते कधीच बाजूला पडलेलं होतं. किल्ली दिली आणि शिंप्यांना मशीन थांबवायला लावलं.

"हे घेऊन दारात उभे राहा. मी भिंतीकडे तोंड करून बसते. तुम्ही हळूहळू पुढं या. मला ऐकू आलं की मी हात वर करीन."

"हा काय पोरखेळ?"

"करा म्हणते ना."

बाई खुर्चीत बसल्या. समोर भिंतीवर मापांचा तक्ता टांगलेला होता. त्यावरचे आकडे त्या वाचत राहिल्या. वाट बघितली. अजून वाट बघितली. हा माणूस दारातून हललेलाच दिसत नाही, असं वाटून त्या चिडून वळल्या आणि थबकल्या. शिंपी त्यांच्या खांद्याला लागून उभे होते. घड्याळ त्यांच्या कानापासून वीतभरही लांब नव्हतं.

"अहो, चालू आहे ना ते?"

शिंप्यांनी घड्याळ आपल्या कानाला लावलं, उगाचच. मग मान डोलावली. "चालू आहे गं."

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग शिंपी त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले.

"मशीन बंद असताना मी मागून हळूच हाक मारायचो," ते म्हणाले, "तू बघायचीही नाहीस. मला वाटायचं, रागावलीयस. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून मी गप्प बसायचो."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष."

"वर्षभर मी रागावले असेन असं वाटलं तुम्हाला?"

"आधी रागावली नव्हतीस का वर्षवर्ष?" शिंपी म्हणाले. आणि त्या अवस्थेतही बाईंना हसू फुटलं, मग डोळ्यांना पदर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्या नववी 'ब'वर गेल्या. वर्ग नेहमीसारखा ताठ. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला: 'कधीपासून?'

मग भोंगा उठली. तिला कळलं होतं.

"सुट्टीनंतर, बाई. आम्ही एक विचारायचो, तुम्ही दुसऱ्याचंच उत्तर द्यायचात. मग आम्ही ठरवलं. एकानंच बोलायचं, तोंडाकडे बघून. आणि मी पुढं बसायचं."

"आणि साहेब आले तेव्हा?"

"त्यांना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला घरी बसवलं असतं."

बाईंनी खडू खाली ठेवला, पण संशयाची सवय जात नाही. "माझी एवढी काळजी? का?"

भोंग्यानं शिडीकडे पाहिलं. शिडी बाकाकडे बघत राहिली. "तुमच्या जागी 'क' तुकडीवाले सर आले असते," भोंगा म्हणाली. "ते डस्टर फेकून मारतात."

"बरं. आणि चाचणीत काय? तेही माझ्या काळजीपोटी?"

आता मात्र भोंग्यानं शिडीला कोपरानं ढोसलं. उत्तर शिडीनं दिलं. ती उभी राहिली, तोंड बाईंकडे केलं आणि स्पष्ट म्हणाली, "नाही बाई. ते... ते आमच्यासाठी. एवढं सगळं करतोय तर म्हटलं, थोडं आपलंही."

बाई खुर्चीत बसल्या. वर्गात त्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसल्या असतील. राग येत होता, लाज वाटत होती आणि मधूनच काहीतरी ऊबदारही वाटत होतं. ते नेमकं काय, हे त्यांना ठरवता येईना. सांभाळलंही यांनी, लुटलंही यांनीच, आणि दोन्ही एकाच तोंडानं. वेणीतल्या चिठ्ठीसारखं सरळ प्रकरण नव्हतं हे.

पण पुढं काय करायचं, याबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका नव्हती. त्या आधी विज्ञानबाईंकडे गेल्या. "काल मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही खरं बोललात. माझे कान गेलेत." विज्ञानबाईंनी त्यांचा हात धरला. बाईंना तो थोडा जास्तच घट्ट वाटला, पण त्यांनी सोडवला नाही. मग दोघी मिळून मुख्याध्यापकांकडे गेल्या.

मुख्याध्यापकांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. समारंभ तोंडावर आला होता. भाषण लिहून झालं होतं. "बाई," त्यांनी समजावलं, "कुणाला ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर," बाई म्हणाल्या, "झाकलेली मूठ दिसली की मी ती आयुष्यभर उघडायला लावत आले. आता माझीच कशी झाकू?"

"लोक हसतील. घारीला पोरांनी बनवलं म्हणतील."

"बनवलंच आहे. म्हणू देत."

चाचणी पुन्हा झाली. डोळे बाईंचे, कान विज्ञानबाईंचे. एक मागं, एक पुढं. वर्गात खरोखरच टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, निदान एकीला. निकाल लागला तेव्हा अर्धा वर्ग आडवा झाला होता. शिडीला भोपळ्याहून थोडं जास्त मिळालं. भोंगा मात्र काठावर का होईना, पास झाली, आणि तेही स्वतःच्या डोक्यानं, कारण पहिल्या बाकावर बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

निरोप समारंभात नववी 'ब' तोंडं फुगवून बसली होती. मुख्याध्यापकांनी नवीन भाषण केलं. बाई मंचावर बसून त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. कौतुक चाललंय की उणीदुणी, कळायला मार्ग नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे कौतुकच असावं. पण टाळ्या वाजवणाऱ्यांत दोघेतिघे उगाच जास्त वाजवत होते, तेही बाईंनी हेरून ठेवलं. स्वतः बोलायला उठल्या तेव्हा फार बोलल्या नाहीत. "मी खूप मुलांना पकडलं," त्या म्हणाल्या. "या वर्गानं मला पकडलं, आणि मग सोडून न देता सांभाळूनही घेतलं. त्यांच्यातल्या अर्ध्यांना मी नापास केलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढचं त्यांनी आपलं बघावं." खाली उतरताना पायरीशी विज्ञानबाईंनी हात दिला. कपाटाची किल्ली बाईंनी तिथंच त्यांच्या हातात ठेवली. "वरचा कप्पा कुरकुरतो," त्या म्हणाल्या. मग आठवून म्हणाल्या, "म्हणजे, कुरकुरायचा."

पुढं कानाच्या डॉक्टरांकडे खेटे झाले. दोन्ही कानांत यंत्रं बसली. यंत्र विकणाऱ्यानं जुनाच माल नव्या डबीत घातला असेल असा बाईंना दाट संशय होता, म्हणून त्यांनी डबीही तपासली आणि त्यालाही. पहिले काही दिवस जग त्यांना असह्य झालं. नळ, भांडी, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं डोक्यात शिरायचं. शिंप्यांना तर त्यांनी चारचौघांत झापलं, "ओरडता काय एवढे? बहिरी समजलात का मला?" शिंपी हळू बोलायला शिकले, पण मशीन सुरू झालं की विसरायचे.

एका दुपारी दुकानाच्या दारात दोन सावल्या पडल्या. एक रुंद, एक लांब.

"बाई," भोंगा म्हणाली, "शिडीची परीक्षा आहे. फेरपरीक्षा."

"माहीत आहे. मीच नापास केलंय."

"तिला शिकवाल?"

बाईंनी चष्मा पुसला आणि दोघींना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हाला कुणी पाठवलं? विज्ञानबाईंनी? की घरून कुणी?"

"कुणी नाही, बाई. आमच्या आम्हीच."

"आणि तुझं काय? तू तर पास झालीस."

भोंग्यानं खांदे उडवले. "मी अशीच. तिच्याबरोबर."

अशीच कुणी येत नसतं, हे बाईंना पक्कं माहीत होतं. काहीतरी असणार. कदाचित या दोघींच्या मागं आणखी पाचसहा येणार असतील. कदाचित पुढच्या परीक्षेत काय येईल याचा अंदाज काढायचा असेल. शिडी मैत्रिणीच्या आडोशाला झुकली आणि तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, "ए, कानात मशीन लावलंय. जपून बोल."

बाईंनी ते अक्षर न् अक्षर ऐकलं. पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. कापडाचे गठ्ठे उचलून त्यांनी कापणीच्या टेबलाचा अर्धा भाग मोकळा केला, शिंप्यांना मशीन सुरू करू नका अशी खूण केली आणि दोन स्टुलं ओढली. एक टेबलाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला.

"बसा," त्या म्हणाल्या. "लांब लांब बसा."